नाळ कुणाची, औषध कुणासाठी?

प्रयोगशाळेत माणसाची रक्तवाहिनी वाढवितात असे कुणी सांगितले, तर आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे शस्त्रक्रियेचे टेबल उभे राहील. तुंबलेली वाहिनी काढली, नवी बसविली, असे ते चित्र. तेही काम जगात चालू आहे. अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये प्रयोगशाळेत घडविलेल्या अशा एका वाहिनीला, अपघातात हातापायाची रक्तवाहिनी तुटलेल्या रुग्णांसाठी, सरकारी परवानगी मिळाली. पण आज ज्या वाहिनीविषयी लिहायचे आहे ती कुणाच्याच शरीरात जायची नाही. तिचा जन्म प्रयोगशाळेत आणि शेवटही तिथेच. तिचे काम एकच : नवे औषध माणसाच्या पोटात जाण्याआधी ते स्वतःच्या अंगावर झेलायचे.

हा विषय पंडितांचा. पोटापाण्यासाठी या बेटावर आलेल्या, आणि आता ज्यांची मुले इथेच वाढली अशा मराठी कुटुंबांना त्याचे काय, असे सीफमधल्या एखाद्या दिवाणखान्यात कुणी विचारील. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे की, अशा रक्तवाहिनीची निकड ज्या आजारांना सर्वांत जास्त आहे त्यांतला एक, सिकलसेल, हा बहारीनचाही आजार आहे आणि महाराष्ट्राचाही. त्याच्या औषधांची परीक्षा कुणाच्या रक्तावर आणि कुणाच्या पेशींवर होते, हे विचारायची सवय मात्र दोन्ही किनाऱ्यांवर कुणाला नाही. ती सवय लागली पाहिजे, हे या लेखाचे म्हणणे.

आधी रक्तवाहिनी म्हणजे काय ते पाहू. ती नळाला जोडायची रबरी नळी नव्हे. तिला तीन थर असतात. बाहेरचा थर आधाराचा, मधला स्नायूंचा आणि आतला अस्तराचा. हे अस्तर जेमतेम एका पेशीच्या जाडीचे. कोटाचे अस्तर फाटले तरी कोट चालतो, इथे मात्र अस्तरच घरधनी आहे. रक्त कुठे गोठू द्यायचे आणि कुठे नाही, मधल्या स्नायूने केव्हा सैल व्हायचे, जखमेकडे पांढऱ्या पेशींना केव्हा बोलवायचे, हे सारे ते ठरविते. रक्तदाब, मधुमेह, पक्षाघात, हृदयविकार, या सगळ्या आजारांत कुठे ना कुठे हे अस्तर बिघडलेले असते. म्हणूनच गोळी कशासाठीही असो, या अस्तराशी ती कशी वागते हे कळणे जरुरीचे असते. व्हायॉक्स हे सांधेदुखीचे औषध सप्टेंबर २००४ मध्ये जगभरातून मागे घ्यावे लागले, ते हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका वाढतो असे दिसल्यामुळे. दुखणे गुडघ्याचे आणि घाव रक्ताभिसरणावर!

हे अस्तर शरीराबाहेर जगवायचे कसे, याचे खात्रीचे उत्तर १९७३ साली मिळाले. न्यूयॉर्कमध्ये एरिक जॅफी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाळंतपणानंतर फेकून दिल्या जाणाऱ्या नाळेतल्या शिरेतून या पेशी सोडविल्या आणि बशीत वाढविल्या. आज पन्नास वर्षांनंतरही जगातल्या कितीतरी प्रयोगशाळा नाळेतून काढलेल्या याच पेशींवर काम करतात. आपल्याकडे नाळ पुरायची रीत होती. 'माझी नाळ तिथे पुरली आहे' म्हणजे मी तिथला, हा आपला अर्थ. विज्ञानाने तीच नाळ उचलली आणि तिच्यातून माणसाच्या रक्तवाहिनीचे अस्तर उभे केले. तेव्हा 'नाळ कुठली' हा प्रश्न इथेही गैरलागू नाही.

पुढचा रस्ता थोडक्यात सांगतो. १९८६ साली अमेरिकेत क्रिस्पिन वाइनबर्ग आणि यूजीन बेल यांनी गुरांच्या पेशी आणि कोलॅजन नावाचे प्रथिन घेऊन रक्तवाहिनीची पहिली प्रतिकृती केली. ती नाजूक होती, आधाराला तिच्यात जाळी घालावी लागली. १९९८ मध्ये कॅनडातल्या क्वेबेकमध्ये कुठलाही कृत्रिम धागा न वापरता, केवळ मानवी पेशींतून, वाहिनी घडविण्यात आली. औषध तपासण्याच्या कामाला लागेल अशी वाहिनी ड्यूक विद्यापीठाच्या जॉर्ज ट्रस्की यांच्या गटाने २०१६ मध्ये दाखविली. एक मिलिमीटरहून कमी व्यासाची ही वाहिनी औषध दिल्यावर आकुंचन पावते, सैलावते. दाह निर्माण करणारे द्रव्य सोडले की तिचे अस्तर बिघडते, आणि आधी स्टॅटिन दिले असेल तर ते बचावते. आपल्यापैकी पुष्कळांच्या उशाशी असलेल्या कोलेस्टेरॉलच्या गोळ्या त्याच जातीच्या.

२०१९ साली व्हिएन्नाच्या शास्त्रज्ञांनी मूळपेशींतून मोहरीच्या दाण्याएवढे रक्तवाहिन्यांचे गोळे वाढविले आणि त्यांना मधुमेहासारख्या साखरेच्या आणि दाहाच्या वातावरणात ठेवले. मधुमेही माणसाच्या बारीक वाहिन्यांची भिंत जशी जाड होते तशीच त्या गोळ्यांतल्या वाहिन्यांची झाली. मधुमेहाची नेहमीची औषधे ही जाडी रोखू शकली नाहीत. वेगळ्या वाटेने काम करणारे एक रसायन मात्र उपयोगी पडले. मधुमेह आपल्या घरांत पाहुणा राहिलेला नाही, तो घरचाच होऊन बसला आहे. साखर आटोक्यात असूनही पायाची आणि डोळ्यांची दुखणी का सुटत नाहीत, याची थोडी उकल या दाण्याएवढ्या गोळ्यांत सापडावी, हे मोठेच काम झाले.

आता कुणी म्हणेल, औषधे तपासायला उंदीर आहेत, ससे आहेत, माकडे आहेत. इतकी वर्षे चालले ते पुढेही चालेल. पण चालले नाही, हीच तर तक्रार आहे. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी ल्युपससारख्या आजारांसाठी एक नवे प्रतिपिंड माणसांना देऊन पाहण्यात आले. आधीच्या तपासण्यांत भयंकर असे काही दिसले नव्हते. माणसांत मात्र रक्ताच्या गुठळ्या होऊ लागल्या आणि चाचणी थांबवावी लागली. त्यानंतर, २०१८ साली, काही संशोधकांनी अंगठ्याएवढ्या पट्टीवर मानवी अस्तराची वाहिनी तयार केली, तिच्यातून माणसाचे रक्त खेळविले आणि तेच प्रतिपिंड सोडले. गुठळ्या झाल्या. ही पट्टी त्या वेळी असती तर काही माणसांवरचे संकट काचेवरच थांबले असते.

कायदेही त्यामुळे बदलले. अमेरिकेने डिसेंबर २०२२ मध्ये, नव्या औषधासाठी प्राण्यांवरचा प्रयोग हाच एक मार्ग, हा जुना आग्रह कायद्यातून काढला. भारतानेही मार्च २०२३ मध्ये नव्या औषधांच्या नियमांत दुरुस्ती करून मानवी पेशींचे गोळे, पट्टीवरचे अवयव अशा पद्धतींना दार उघडले. दार उघडले आहे. आत कुणाच्या पेशी जाणार, हे अजून ठरायचे आहे. आणि खरा मुद्दा इथे सुरू होतो.

सिकलसेलमध्ये रक्तातल्या लाल पेशी प्राणवायू सोडल्यावर विळ्यासारख्या वाकतात, कडक होतात आणि बारीक वाहिन्यांत अडकतात. अडकल्या की हाडे, छाती, पोट यांत असह्य वेदना. थंडी लागली, अंगातले पाणी कमी झाले, ताप आला की हे दुखणे उसळते. बाहेर चाळीस अंशांची काहिली आणि सीफच्या मॉलमध्ये शिरताच अंगावर येणारा गारवा, हा आपल्याला गमतीचा वाटणारा फरकही अशा रुग्णाला महागात पडू शकतो. बहारीनी घरांत हा आजार अनोळखी नाही. सलमानियाच्या रुग्णालयात आनुवंशिक रक्तविकारांसाठी स्वतंत्र केंद्र आहे, आणि २००४ च्या कायद्याने इथे लग्नाआधी तपासणी सक्तीची केली. आपल्याकडे नंदुरबार, धुळे, मेळघाट, यवतमाळ, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली या भागांत भिल्ल, पावरा, गोंड, माडिया आणि विदर्भातल्या अनेक दलित कुटुंबांत तो पिढ्यान्‌पिढ्या आहे. केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये त्याच्या निर्मूलनाची मोहीम सुरू केली. ० ते ४० वयाच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे तिचे उद्दिष्ट आहे.

या दोन किनाऱ्यांमधला धागा नुसता दुखण्याचा नाही, तो गुणसूत्रांतलाही आहे. १९८६ साली शास्त्रज्ञांनी अरबस्तानचा पूर्व भाग आणि भारत इथल्या रुग्णांची जनुके तपासली. त्यांना दिसले की, इथला सिकलसेलचा दोष आफ्रिकेहून आलेला नसून आशियातच स्वतंत्रपणे उपजला असावा. त्या प्रकाराला आज 'अरब-भारतीय' असेच नाव आहे. ज्या समुद्रावरून मोती, खजूर आणि तांदूळ ये-जा करीत होते त्याच्या दोन्ही काठांवर हा एकच प्रकार नांदतो. त्याचे वैशिष्ट्य असे की, या रुग्णांत बाळपणीचे हिमोग्लोबिन मोठेपणीही बऱ्याच प्रमाणात टिकते आणि ते पेशींना वाकण्यापासून काहीसे वाचविते. म्हणून आजार सौम्य असतो असे पुस्तके सांगतात. नागपूरच्या डॉक्टरांनी मात्र आपल्याकडच्या अनेक मुलांत तो चांगलाच तीव्र असल्याचे नोंदविले आहे. जनुक एक आणि त्रास वेगवेगळा, असे का? हे रक्त रक्तवाहिनीच्या अस्तराशी कसे वागते, हे पाहिल्याशिवाय याचे उत्तर पुरे होणार नाही.

औषधांची हकीगत पाहा. हायड्रॉक्सीयुरिया हे जुने, स्वस्त आणि आजही मुख्य औषध; अमेरिकेत त्याला सिकलसेलसाठी १९९८ मध्ये मान्यता मिळाली. मानवी सिकल जनुक घातलेले उंदीर १९९७ पासून प्रयोगशाळांत आहेत. पुढे २०१९ मध्ये दोन नवी औषधे मोठ्या अपेक्षेने आली. पहिले क्रिझानलिझुमॅब. रक्तवाहिनीच्या अस्तरावर पी-सिलेक्टिन नावाचा एक आकडा असतो, त्याला पेशी अडकतात. हे औषध तो आकडा झाकते. पहिल्या चाचणीत दुखण्याची उसळी कमी झाली. नंतरच्या मोठ्या चाचणीत खोट्या औषधापेक्षा फरक दिसला नाही आणि युरोपने २०२३ मध्ये परवानगी काढून घेतली. दुसरे व्होक्सेलोटर. ते उत्पादकांनीच सप्टेंबर २०२४ मध्ये जगभरातून मागे घेतले, कारण औषध घेणाऱ्यांत वेदनेचे झटके आणि मृत्यू यांचे प्रमाण चिंता वाटावी असे दिसले. पाच वर्षांत दोन आशा आल्या आणि विझल्या. जनुक दुरुस्त करणारा कॅसजेव्ही हा उपचारही आला. बहारीनने डिसेंबर २०२३ मध्ये, ब्रिटनपाठोपाठ आणि अमेरिकेच्याही काही दिवस आधी, त्याला मान्यता दिली, ही या छोट्या देशाला भूषणावह गोष्ट. पण अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर आहे. धडगावच्या आईबापाला तो आकडा वाचताही यायचा नाही.

म्हणजे गोळीच्या रूपातले, परवडणारे औषध अजून हवेच आहे. आणि ते शोधायला चांगली परीक्षा हवी आहे. अशी परीक्षा होऊ शकते, हे अमेरिकेत अटलांटाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखविले. त्यांनी बारीक पट्टीवर केसाहून अरुंद वाहिन्या कोरल्या, त्यांना चारही बाजूंनी मानवी अस्तर लावले आणि सिकलसेलच्या रुग्णांचे रक्त त्यांतून सोडले. हायड्रॉक्सीयुरिया घेणाऱ्यांचे रक्त कमी तुंबते, हे डोळ्यांनी पाहता आले. ज्याचे रक्त त्याचेच औषध, आणि परीक्षा मात्र शरीराबाहेर.

आता विचार करा. अशी वाहिनी उद्या औषधाच्या प्रत्येक कारखान्यात असेल. तिचे अस्तर कुठल्या तरी दूरच्या शहरातल्या नाळेतून आलेले असेल. तिच्यातून जाणारे रक्त ज्या रुग्णांचे, त्यांतले बहुतेक आफ्रिकी प्रकारच्या सिकलसेलचे असतील. त्या परीक्षेत पास झालेली गोळी मुहर्रकच्या आणि मोलगीच्या मुलाला दिली जाईल. ती कदाचित उत्तम लागू पडेल. कदाचित नाही. उलट, आपल्या मुलांना उपयोगी पडले असते असे एखादे रसायन त्या परीक्षेत नापास होऊन कचऱ्यात गेले असेल आणि ते आपल्याला कधी कळणारही नाही. परीक्षा घेणारी फूटपट्टी दुसऱ्याच्या मापाची असेल, तर आपले अंगरखे तोकडेच निघणार.

यावर तीन आक्षेप निघतील आणि ते हलके नाहीत.

पहिला असा की, दुर्गम पाड्यावरच्या आरोग्य केंद्रात हायड्रॉक्सीयुरिया वेळेवर मिळण्याची मारामार असताना हे काचेतले कौतुक कशाला? खरे आहे. पाड्यावर गोळी पोचविणे हे पहिले काम आणि त्याच्या पैशातून एक रुपयाही इकडे वळविता कामा नये. पण गोळी पोचविणाऱ्याने गोळी शोधणाऱ्याशी भांडायचे कारण नाही. ती दोन खाती आहेत.

दुसरा आक्षेप, वाहिनी म्हणजे शरीर नव्हे. तिला यकृत नाही, मूत्रपिंड नाही, अस्थिमज्जा नाही. व्होक्सेलोटरचा धोका अशा वाहिनीत दिसलाच असता, असे कुणीही छातीठोकपणे सांगू नये. म्हणून ही वाहिनी शेवटची परीक्षा नव्हे, ती पहिली चाळण आहे. चाळणीने धान्य शिजत नाही, पण खडे निघतात.

तिसरा आक्षेप सर्वांत महत्त्वाचा : गरिबांच्या पेशी घ्यायच्या आणि श्रीमंतांनी औषध विकायचे, असेच होणार ना? इतिहास तसाच आहे. १९५१ साली अमेरिकेत हेन्रिएटा लॅक्स नावाच्या कृष्णवर्णीय बाईच्या गाठीतून पेशी घेतल्या, तिला न विचारता. त्या जगभर वाढल्या, विकल्या गेल्या, त्यांवर कारखाने उभे राहिले. तिच्या वारसांशी एका मोठ्या कंपनीने तडजोड केली ती २०२३ मध्ये. आपल्या घरचा धडाही आहे. १९८० च्या दशकात डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत सिकलसेलची पाहणी केली. संशोधन चांगलेच होते. पण हा आपला मोठा प्रश्न असे तिथल्या लोकांना तेव्हा वाटतच नव्हते, हे डॉ. बंग यांनी पुढे स्वतःच मोकळेपणाने सांगितले आहे. लोकांवर संशोधन करण्यापेक्षा लोकांबरोबर करावे, हा त्यांनी त्यातून घेतलेला बोध. रक्तवाहिनी काचेत वाढवायची असली तरी हा बोध काचेबाहेर ठेवून चालणार नाही.

तेव्हा मागणी कोणती करायची? माझ्या मते तीन गोष्टी.

एक, दोन्ही काठांनी एकत्र यावे. इथे सलमानियाचे केंद्र आहे आणि अरेबियन गल्फ विद्यापीठाचे अल-जवहरा जनुक-केंद्र आहे. तिकडे मुंबईत परळला राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्था आहे, चंद्रपूरला तिचे हिमोग्लोबिनच्या विकारांसाठीचे केंद्र आहे, आणि पुण्याला देशभरच्या संशोधकांना पेशी पुरविणारे राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे. रुग्ण आहेत, डॉक्टर आहेत, पेशींची बँक आहे. अरब-भारतीय प्रकाराच्या रुग्णांच्या पेशींतून वाढविलेल्या रक्तवाहिन्यांचा एक सामाईक संच या संस्थांनी करावा आणि नवे औषध या प्रदेशात विकू पाहणाऱ्याने आधी त्यावर ते तपासून दाखवावे.

दोन, पेशी देणाऱ्याची संमती त्याच्या भाषेत घ्यावी. अरबीत, मराठीत, पावरीत, गोंडीत. अंगठा उठविला म्हणजे संमती झाली असे नव्हे. आणि त्या पेशींवर तपासून निघालेले औषध त्या गावाला परवडणाऱ्या दरात मिळेल, हे आधी कागदावर यावे. नंतरची उदारता नको.

तीन, आपण काय करायचे. या बेटावर विदर्भातून आणि खानदेशातून आलेली घरे आहेत. आपण सिकलसेलचे वाहक आहोत का, हे एका रक्त तपासणीत कळते. वाहक असणे हा आजार नव्हे आणि कलंक तर नव्हेच. दोघेही वाहक असले तर मात्र प्रत्येक बाळंतपणात चारात एक वेळ आजारी मूल होण्याचा संभव असतो, म्हणून लग्नाआधी कळलेले बरे. पत्रिका पाहणाऱ्या घरांनी हा एक कागद आणखी पाहावा. आणि घरात बाळंतपण असेल आणि रुग्णालयाने संशोधनासाठी नाळ मागितली, तर घाबरून नकार देऊ नये आणि न वाचता सहीही करू नये. कशासाठी, कुणासाठी, पुढे काय, हे तीन प्रश्न विचारावेत आणि उत्तर पटले तर आनंदाने द्यावी.

आपल्या आज्यांनी नाळ अंगणात पुरली ती मुलाचे त्या मातीशी नाते राहावे म्हणून. सीफमध्ये अंगण नाही, आणि ही जमीनही बरीचशी समुद्रात भर घालून केलेली. इथे जन्मलेल्या मराठी मुलाची नाळ एखाद्या प्रयोगशाळेत गेली आणि तिच्यातून उगवलेल्या वाहिनीवर मुहर्रकच्या आणि नंदुरबारच्या लेकरांचे औषध तपासले गेले, तर त्या मुलाचे दोन्ही किनाऱ्यांशी नाते जुळेल. मात्र ते औषध त्या लेकरांच्या घरापर्यंत पोचले पाहिजे. तोवर ती नाळ आपण कुणाला दिली आणि कशासाठी दिली, हे विचारत राहणे हा आपला हक्क आहे.